दुकानाचा मेगाब्लॉक

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल.' मी नाही म्हटलं. त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत, आणि आपल्या वर्गात नोकरी करणाऱ्यांइतकेच धंदा करणारेही आहेत. कुणाचं पोळीभाजी केंद्र आहे, कुणाचे क्लासेस, कुणाचं गॅरेज, कुणी एसी दुरुस्त करतं, कुणी मंडप घालतं. तेव्हा मी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीच्या एका दुकानाबद्दल बोलणार आहे. शाळेच्या फाटकासमोरचं आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान. कॅम्लिनची कंपासपेटी, वह्यांना घालायचं खाकी कव्हर, नवनीतचे '२१ अपेक्षित', हे सगळं तुम्ही तिथूनच नेलंत. काहींनी उधारीवर नेलंत, आणि त्यातल्या दोघांची उधारी अजून बाकी आहे, असं दादा मला निघताना म्हणाला. नावं सांगत नाही.

आपण मुलुंडकर. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास स्टेशनवर गेलो की घोषणा ठरलेली: माटुंगा ते मुलुंड मार्गावर मेगाब्लॉक. आपण वैतागतो. पण रेल्वेच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा विचार करून बघा. रूळ बदलायचे, ओव्हरहेड वायर तपासायची, सिग्नल दुरुस्त करायचे. सोमवारी सकाळी साडेआठला करणार? म्हणून रेल्वे आपला शांत वेळ हुडकते. रोज रात्री शेवटच्या लोकलपासून पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत, आणि त्यात न मावणारं काम रविवारी दुपारी. मुख्य म्हणजे काही मोडलेलं नसतानाही हे काम होतं.

माझी नोकरी तीच आहे. सीप्झमध्ये बसून मी बँकांच्या यंत्रणा सांभाळते. नवीन काही चढवायचं असेल तर मध्यरात्रीनंतर, बहुधा शनिवार-रविवारच्या मधे. दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत तर आम्ही एका ओळीलाही हात लावत नाही. लावायचा झालाच तर चार जणांच्या सह्या लागतात. अशी गेली वीसेक वर्षं मी लोकांचे मेगाब्लॉक सांभाळतेय. आणि घरच्या दुकानात? दिव्याखाली अंधार.

दुकानात पहिला संगणक आला २००३ साली. माझ्या हट्टाने. बाबांना नको होता. त्यांची उधारीची चोपडी होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि दुकान बंद करताना रोज ती माळ्यावर जायची. मी नुकतीच इंजिनिअर झालेली, हातात पगार, अंगात जोर. संगणक आणला आणि सीपीयू काउंटरखाली जमिनीवर ठेवला, सगळे ठेवतात तसा. २६ जुलै २००५ला काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि आमच्या दुकानात गुडघ्याच्या वर पाणी. खालच्या दोन फळ्यांवरच्या वह्या फुगल्या आणि माझा सीपीयू बुडाला. बाबा काही बोलले नाहीत. पाणी ओसरल्यावर शिडी लावून माळ्यावर चढले, चोपडी खाली काढली आणि कोणाचं किती येणं आहे ते वाचायला बसले.

यावरून मी शिकले एवढंच, की नवा सीपीयू काउंटरच्या वर ठेवायचा.

पुढची बारा वर्षं बाबांनी दोन्ही चालू ठेवलं. दादा संगणकात बिल करायचा, बाबा चोपडीत लिहायचे. मग १ जुलै २०१७ला जीएसटी आला. नवं सॉफ्टवेअर घेतलं, दादाच्या नावावर नोंदणी झाली, आणि दर महिन्याला विवरणपत्रं भरणं आलं. बाबा तेव्हा पंच्याहत्तरीच्या घरात. रात्री साडेनऊला डोळे बारीक करून चोपडीत आकडे उतरवताना मी त्यांना पाहिलं आणि म्हटलं, 'बाबा, आता सगळं संगणकात आहे. कशाला दोनदा लिहिता?' त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या महिन्यापासून चोपडी बंद झाली.

जून २०१८. शाळा उघडायचा आठवडा. त्या आठवड्यात आमच्या दुकानासमोर रांग कशी असते ते तुम्हाला आठवत असेल. सकाळी संगणक सुरूच होईना. हार्ड डिस्क गेली होती. दादाचा फोन आला तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होते. हळू आवाजात म्हटलं, 'बॅकअप परत चढव ना,' आणि फोन ठेवला. संध्याकाळी कळलं की बॅकअप आहे, पण तो त्याच हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागात आहे. रोज रात्री दुकान बंद करताना पडद्यावर चौकट यायची, 'बॅकअप घ्यायचा का?', आणि दादा इमानेइतबारे 'हो' दाबायचा. वर्षभर दाबला होता. सी नावाच्या कप्प्यातला माल डी नावाच्या कप्प्यात जात होता आणि दोन्ही कप्पे एकाच कपाटात होते. ते कपाटच जळालं.

डेटा काढून देणाऱ्याकडे डिस्क दिली. थोडं मिळालं. विक्रीचा हिशोब बिलांच्या प्रतींवरून उभा करता आला, उधारीचा नाही. दादा एकेका क्लासवाल्याकडे, बालवाडीकडे जाऊन विचारून आला. बहुतेकांनी खरं सांगितलं. काहींनी 'दिलेत की मागेच' म्हटलं, आणि त्यावर बोलायला आमच्याकडे कागद नव्हता. चाळीसेक हजार गेले. एवढ्या दुकानाला ते जूनमध्ये कमावलेलं परत देण्यासारखं होतं.

बाबा तेव्हाही मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मी लगेच सगळं नीट लावलं असेल. मी एक पेन ड्राइव्ह आणून दिला, बॅकअप त्याच्यावर जाईल असं करून दिलं आणि विसरले. करोनाची दोन वर्षं गेली. २०२२ मध्ये बाबा गेले. दुकानातल्या यंत्रणेकडे मी पुन्हा नीट पाहिलं ते थेट यंदा, सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि तेही स्वतःहून नाही.

झालं असं. ३ सप्टेंबरला, गणपती बसलेले असतानाच, जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली आणि रात्री बातमी आली की दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेले. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेपासून. आमच्या दुकानापुरतं बोलायचं तर वह्या, पेन्सिली, शार्पनर, खडू १२ टक्क्यांवरून शून्यावर. खोडरबर ५ वरून शून्यावर. कंपासपेटी आणि रंगपेटी १२ वरून ५ वर. झेरॉक्सचा कागद मात्र उलटा, १२ वरून १८ वर. बॉलपेन होतं तिथेच, १८ वर. एका फळीवर तीन दर.

मधे पितृपक्ष. पक्षात नव्या वस्तू घेत नाहीत, त्यामुळे बाजार तसाही थंड असतो. यंदा त्यात गिऱ्हाइकं म्हणू लागली, 'वह्या २२ नंतरच नेतो, स्वस्त होणार आहेत ना?' दुकान ओस. बाबांची तिथी अष्टमीची, ती आली रविवारी, १४ सप्टेंबरला. पान वाढून, जेवून उठलो, आणि दादा म्हणाला, 'अगं, जरा दुकानात येतेस? मला त्या २२ तारखेचं काही झेपत नाहीये.'

पुढचा आठवडा मी रोज संध्याकाळी तिथे होते. त्या आठ दिवसांत काय सापडलं ते सांगते. सगळं नाही, जेवायला उशीर होईल.

पहिली संध्याकाळ मी संगणकाला हातच लावला नाही. वहिनींच्या बाजूला स्टुलावर बसून राहिले. हे मला नोकरीने शिकवलंय. मालकाला विचारलं तर तो यंत्रणा कशी चालायला हवी ते सांगतो. काउंटरवरच्या माणसाकडे बघितलं की ती कशी चालते ते दिसतं. वहिनी समोर संगणक असूनही प्रत्येक विक्री पाठकोऱ्या कागदावर लिहीत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, 'ताई, एका पेन्सिलीसाठी हे चार पडदे फिरवतं. तेवढ्यात तीन पोरं निघून जातात. मी रात्री बसून सगळं घालते.' २०० रुपयांच्या आतली विक्री असेल आणि गिऱ्हाइकाने बिल मागितलं नसेल तर दिवसाअखेरी एकच एकत्रित बिल केलेलं चालतं, तेव्हा नियमात ते बसत होतं. पण रात्री दहाला, दमलेल्या डोळ्यांनी, यादीतून माल निवडायचा. 'लाँगबुक' टाइप केलं की सगळ्यात वर यायची १०० पानी. विकलेली असायची २०० पानी. मग वहिनी १०० पानीच निवडून भाव हाताने बदलायच्या. पैशांचा हिशोब बरोबर, मालाचा चूक. आठ वर्षं हे चाललं होतं आणि दादाला माहीत नव्हतं, कारण दादाने कधी विचारलं नव्हतं आणि वहिनींना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

आता मालाचा हिशोब चुकला तर बिघडतं काय? एरवी फारसं नाही. दुकानदार फळीकडे बघून माल मागवतो. पण यंदा बिघडणार होतं. कसं ते सांगते, कारण तुमच्यापैकी काहींना हेच लागू झालं असेल. दादा वह्यांचा गठ्ठा घेतो तेव्हा १०० रुपयांवर १२ रुपये कर देतो. ते १२ रुपये तो स्वतः विकताना गोळा केलेल्या करातून वजा करून घेतो. २२ तारखेपासून वहीवर करच नाही. म्हणजे २१च्या रात्री जेवढ्या वह्या न विकता शिल्लक आहेत, त्यांच्यावर आधी घेतलेली वजावट सरकारला परत करायची. त्यासाठी माल किती आहे ते नक्की ठाऊक हवं.

आम्ही संगणकातून यादी छापली. २०० पानी लाँगबुक: १,१४०. मोजल्या तर फळीवर आणि माळ्यावर मिळून ८६२. १०० पानी लाँगबुक: उणे. खोडरबर: उणे ३७२. खोडरबर वजा कसे असतील? वीसचा एक डबा घेतला की खरेदीत नोंद 'एक', आणि विकताना नोंद एकेका नगाची. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते आम्ही एक खोडरबर घेऊन वीस विकत होतो. असा धंदा असता तर मी नोकरी सोडून दुकानातच बसले असते. या आकड्यांवर कर परत केला असता, तर कमी झाला असता की जास्त, ते देवालाच ठाऊक.

डब्याचं आणि नगाचं गणित सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच होतं. एका खिडकीत 'एक डबा म्हणजे वीस नग' एवढं लिहायचं होतं. २०१७ला बसवून देणाऱ्या मुलाने ती खिडकी रिकामी सोडली आणि नंतर ती कोणी उघडली नाही. आणि यादीत २०० पानी वर यावी म्हणून तिच्या नावापुढे 'अ' लावला. पाच मिनिटं. वहिनींची रात्रीची पाऊण तासाची कटकट पंधरा मिनिटांवर आली. नवीन एक रुपयाचं काही घेतलं नाही.

मग बॅकअप. हे जरा लक्ष देऊन ऐका.

आपल्या गणिताच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही उत्तर आल्यावर पेन खाली ठेवू द्यायच्या नाहीत. 'ताळा केलास का?' हे ठरलेलं. बॅकअपचा ताळा म्हणजे तो परत उघडून बघणं. पेन ड्राइव्ह होता, रोज लागत होता, फाइल रोज तयार होत होती, तारीखही त्या दिवसाची. मी तो माझ्या लॅपटॉपवर उघडला. सगळं छान दिसलं. ३१ मार्चपर्यंत. त्याच्यापुढे काही नाही.

कारण असं की हे सॉफ्टवेअर आर्थिक वर्ष बदललं की नवीन फोल्डर करतं, आणि बॅकअपला मी स्वतः सांगून ठेवलेला पत्ता जुन्या फोल्डरचा. दादा दर १ एप्रिलला तो बदलायचा. हेही मला माहीत नव्हतं. यंदा राहून गेलं. म्हणजे साडेपाच महिने आम्ही रोज रात्री त्याच जुन्या वर्षाची नवी प्रत काढत होतो. त्यात जून होता. जूनची सगळी उधारी होती. त्या आठवड्यात डिस्क गेली असती तर २०१८ पुन्हा झालं असतं, आणि या वेळी पेन ड्राइव्ह मी दिलेला होता.

मी काही क्षण दादाकडे बघितलं नाही.

ज्यांना वाटतंय की हे फक्त दुकानदारांचं होतं, त्यांच्यासाठी सांगते. गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रामर तिच्याकडे आपलं काम ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ला त्यांच्याच माणसाच्या हातून चुकीच्या मशीनवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. पाचपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिने वाचवलं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच जाहीर केली, म्हणून आपल्याला कळली.

आम्ही आता दोन गोष्टी करतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दादा बॅकअप घरच्या लॅपटॉपवर उघडतो आणि आदल्या दिवसाचं शेवटचं बिल त्यात आहे का ते बघतो. आणि दर शनिवारी वहिनी उधारीची यादी छापतात आणि ती पानं घरी नेतात. दुकानात नाही, घरी. वहिनींनी त्यासाठी फाइल आणली आहे. लाल रंगाची आहे, मुद्दाम घेतली की मिळाली ती, मी विचारलं नाही.

ती यादी ज्याच्यावर छापतात तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मी पहिल्याच दिवशी भंगारात काढायला निघाले होते. किर्र आवाज, जुनाट चीज. वहिनींनी हात धरला. 'ताई, तुम्ही तो घेऊन जाल आणि शाळांना चलन तीन प्रतींत कार्बनवर लागतं ते मी कुठून काढू?' राहिला. जुनं आहे म्हणून टाकायचं, हा आमच्या पेशातला रोग आहे.

तिसरी गोष्ट कुलपाकिल्ल्यांची. मी दादाला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, दुकान चालवायला जे जे पासवर्ड, जे जे मोबाइल नंबर लागतात ते लिही. अर्ध्यावर येऊन तो थांबला. जीएसटीच्या नोंदणीत मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्याचे नव्हते. कर भरून देणाऱ्या कार्यालयाचे होते. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही, पण उद्या त्यांनी कार्यालय बंद केलं तर दादा स्वतःच्याच दाराबाहेर. तो बदल घरबसल्या झाला.

बँकेचं तसं नव्हतं. नोव्हेंबर २०१६च्या नोटबंदीनंतर आम्ही काउंटरवर क्यूआर कोड लावला. खातं दादाचं, पण तेव्हा गल्ल्यावर बाबा बसायचे, म्हणून पैसे आल्याचे एसएमएस त्यांना दिसावेत यासाठी बँकेत नंबर बाबांचा दिला. तोच राहिला. बाबांचा बटणांचा फोन गल्ल्याच्या खणात होता. दादा दर रविवारी तो चार्ज करत होता आणि दर महिन्याला रिचार्ज मारत होता. नेट बँकिंगचा ओटीपी त्याच्यावर यायचा. नंबर ९० दिवस वापरात नसला तर कंपनीला तो बंद करता येतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. म्हणजे एखादी मोठी आजारपणाची खेप, एखादा विसर, आणि आमच्या दुकानाच्या खात्याची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात.

मी हे सगळं दादाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, 'मला ठाऊक आहे.' तीन वर्षं ठाऊक होतं. जूनमध्ये वेळ नव्हता, आणि इतर महिन्यांत मन होत नव्हतं. मंगळवारी आम्ही दोघं बँकेत गेलो, फॉर्म भरला, खात्याला दादाचा नंबर लागला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, 'सिम मात्र राहू दे.' मी म्हटलं, राहू दे. हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते मला विचारू नका.

बाकी किरकोळ: भंगारात गेलेल्या झेरॉक्स मशीनचा देखभालीचा करार अजून भरला जात होता. कोणी न वापरणारं एक डोंगल रिचार्ज होत होतं. असं प्रत्येकाकडे निघतं. बँकेच्या पासबुकात बारा महिने मागे जा, सापडेल.

आणि काय केलं नाही, तेही सांगते. बिलिंगचा संगणक अजून विंडोज ७वर आहे. त्याच्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२०लाच थांबल्या, आणि विंडोज १०च्याही या १४ ऑक्टोबरला थांबल्या. बदलायलाच हवा. त्याच आठवड्यात दोन सॉफ्टवेअरवाले येऊन गेले, कारण पक्षात तेही मोकळे असतात. 'मॅडम, आता दर बदलतातच आहेत, तर सगळंच नवीन करून टाका ना.' दादा पाघळला होता. मी ठाम नाही म्हटलं. २०१८च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने असाच शांत शनिवार-रविवार निवडून सुमारे ५० लाख ग्राहक एका दमात नव्या यंत्रणेवर नेले. १९ लाखांपर्यंत लोकांना आपलं खातं उघडेना. सगळं रुळावर यायला महिने लागले, आणि २०२२च्या डिसेंबरात ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. वेळ शांत निवडली होती, पण घास मोठा घेतला होता. आम्ही २२ तारखेसाठी फक्त दर बदलले. तेवढ्या काळापुरतं त्या संगणकाचं इंटरनेट काढलं आणि विवरणपत्रं दुसरीकडून भरली.

२१च्या रात्री, सर्वपित्रीला, शटर अर्धं ओढून आम्ही तिघं माल मोजत बसलो होतो. वहिनी मोजायच्या, दादा ओरडून सांगायचा, मी लिहायची. साडेबाराला संपलं. माळ्यावर बाबांच्या जुन्या चोपड्या सापडल्या, तो अर्धा तास मी कामात धरत नाही.

घटस्थापनेला सकाळी वहिनींनी पुठ्ठ्यावर स्केचपेनने नवे भाव लिहून लावले, कारण वह्यांवर छापलेली किंमत जुनीच होती. सगळं सुरळीत. फक्त झेरॉक्सच्या कागदाचा दर आम्ही वाढवायला विसरलो. कमी झालेल्या दरांच्याच नादात होतो. दोन दिवस, चाळीसएक बिलं १२ टक्क्यांनीच गेली. फरक दादाच्या खिशातून. तेव्हा माझ्याकडून सल्ला घेताना हेही लक्षात असू द्या.

आता तुमचं. प्रत्येकाचा शांत काळ वेगळा. मंडपवाल्याचा आणि केटररचा चातुर्मासात. एसीवाल्याचा पावसाळ्यात आणि थंडीत. क्लासवाल्यांचा परीक्षा संपल्यावर, पुढची बॅच सुरू व्हायच्या आधी. पुढच्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आहे, १७ मे ते १५ जून २०२६. लग्नाच्या धंद्यातल्यांना ऐन उन्हाळ्यात महिनाभर मोकळीक, आणि आमच्या दुकानाला नेमकी तीच घाई. म्हणून आमचा नवा संगणक जानेवारीत येतोय, नाताळची सुट्टी आणि वार्षिक परीक्षा यांच्या मधे. जुना महिनाभर शेजारीच चालू राहणार आहे. दादाने काउंटरवर जागा केली आहे. वर, खाली नाही.

जेवणाची घंटा झालेली दिसतेय. बाई, मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर सोडायला तुम्हीही एवढा उशीर केला नव्हतात. जेवणानंतर मी त्या मागच्या बाकावर बसणार आहे. ज्याला आपल्या धंद्याचा बॅकअप उघडून बघायचा असेल त्याने पेन ड्राइव्ह घेऊन यावं, लॅपटॉप मी आणला आहे. आणि ते दोघं उधारीवाले, दादा बाहेर फाटकापाशीच उभा आहे.